डिटॉक्सचा उपवास की सवय सोडणे? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

तीन ते सात दिवस फक्त रस, लिंबूपाणी किंवा नुसते पाणी पिऊन राहायचे, म्हणजे शरीरात साठलेली विषद्रव्ये धुऊन निघतात, असा डिटॉक्स उपवासाचा दावा असतो. तो करणाऱ्या अनेकांना खरेच बरे वाटते. पोट हलके होते, झोप चांगली लागते, वजनकाटा दोन किलोंनी खाली येतो. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते हे थोतांड आहे. दुसरी विचारते, मला फरक जाणवला त्याचे काय? या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. त्या आठवड्यात माणसाने जेवण सोडलेले असतेच, पण त्याबरोबर दारू, सिगारेट, कॉफी, साखर घातलेली पेये आणि रात्री उशिराचे खाणेही सोडलेले असते. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला हे सांगता येत नाही.

आमचे मत असे आहे की फायद्याचा मोठा भाग सवयी थांबल्यामुळे मिळतो आणि त्रासाचा मोठा भागही त्या एका झटक्यात थांबल्यामुळेच होतो. म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी सवय, एका वेळी एकच आणि तिला लागू पडेल अशा पद्धतीने. उपवास त्यानंतर, करायची इच्छा असेलच तर, आणि तोही लहान.

शरीर सफाई कशी करते

हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या सूचना पाठ करण्यात अर्थ नाही. औषधे, अन्नातली नको असलेली रसायने यांतली बरीचशी चरबीत विरघळणारी असतात, त्यामुळे लघवीवाटे सहज जात नाहीत. यकृत त्यांच्यावर दोन टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० गटातली एन्झाइम रेणूत बदल घडवतात. दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडले जाते आणि तो पाण्यात विरघळू लागतो. मग तो लघवीतून किंवा पित्तावाटे शौचातून बाहेर पडतो. ग्लुटाथायोन हे अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांपासून बनते. प्रथिने जवळपास शून्यावर आणून यकृताला ‘मदत’ करण्याची कल्पना इथेच अडखळते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक भाग परत शोषून घेतात. चार लिटर पाणी प्यायले म्हणून गाळणी जास्त चालत नाही, लघवी फक्त पातळ होते. घामाचे मुख्य काम शरीर थंड ठेवण्याचे. टाकाऊ पदार्थ त्यातून जातात ते किरकोळ.

डीडीटी किंवा पीसीबीसारखी काही टिकाऊ प्रदूषके चरबीत खरोखरच साठतात, हे डिटॉक्सवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण चरबी वेगाने वितळली की ती रक्तात उतरतात आणि रक्तातले त्यांचे प्रमाण काही काळ वाढते. ती शरीराबाहेर जातात ती अतिशय सावकाश. म्हणजे याच युक्तिवादाने पाहिले तर झटपट वजन उतरवणे हा वाईट मार्ग ठरतो. शिसे किंवा पारा यांची खरी विषबाधा असेल तर ती रक्ततपासणीत दिसते आणि तिच्यावर रुग्णालयात चिलेशनची (धातूला बांधून शरीराबाहेर काढणारी) औषधे देतात. रसाच्या बाटलीने ती उतरत नाही.

व्यावसायिक डिटॉक्स आहारांवर २०१५ साली एक सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. अशा आहाराने विषद्रव्ये बाहेर पडतात का, हे माणसांवर यादृच्छिक नियंत्रित चाचणी (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) घेऊन तपासल्याचे एकही उदाहरण त्या अभ्यासकांना सापडले नाही. उपवासाच्या बाजूने ‘ऑटोफॅजी’चा, म्हणजे पेशीने स्वतःचे जुने भाग मोडून वापरण्याचा, दाखला देतात. ही प्रक्रिया खरी आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल तिच्यासाठीच मिळाले. पण त्यांचे मूळ काम यीस्टच्या पेशींवरचे होते. ‘अमुक तास उपाशी राहा की ऑटोफॅजी सुरू’ असे माणसासाठीचे जे तक्ते फिरतात, त्यांना त्या कामाचा आधार नाही.

पहिल्या तीन दिवसांचा हिशेब

यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. उपवासात हा साठा रिकामा होऊ लागतो आणि ते पाणी निघून जाते. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे सोडियमही जास्त टाकतात, त्याच्याबरोबर आणखी पाणी. आतड्यातले अन्नही कमी झालेले असते. पहिले दीड-दोन किलो जातात ते असे, आणि नीट जेवायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत परत येतात. ते चरबीचे वजन नव्हेच.

आता त्रासाकडे पाहा. डिटॉक्सच्या दुसऱ्या दिवशी डोके ठणकते, चिडचिड होते, अंग गळून जाते, तेव्हा ‘विष बाहेर पडते आहे, सहन करा’ असे सांगितले जाते. हा सल्ला धोक्याचा आहे, कारण यातल्या प्रत्येक लक्षणाला तपासता येण्याजोगे कारण असते:

- ठणकणारी डोकेदुखी, झापड, कामात लक्ष न लागणे: बहुतेकदा कॅफिन थांबल्यामुळे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक असते, दोन ते नऊ दिवस टिकते.
- उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी: सोडियम आणि पाणी कमी झाल्यामुळे रक्तदाब उतरतो.
- थरथर, घाम, जिवाची कालवाकालव: रक्तातली साखर उतरलेली असू शकते, पण रोज दारू पिणाऱ्याच्या बाबतीत दारू थांबल्याचेही हेच लक्षण असते, आणि ते कितीतरी गंभीर.
- तोंडाला गोडसर, ॲसिटोनसारखा वास: केटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढल्याची खूण. निरोगी माणसात निरुपद्रवी, मधुमेहीच्या बाबतीत तातडीची.
- छातीत धडधड, पायात पेटके: पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी झाल्याची शक्यता, विशेषतः जुलाबाच्या गोळ्या घेतल्या असतील तर.

पायरी पहिली: आपण कोणत्या गटात आहोत ते पाहा

पुढील व्यक्तींनी उपवासाचा भाग पूर्णपणे वगळावा: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, वजन आधीच कमी असलेले (बॉडी मास इंडेक्स १८.५ पेक्षा खाली), आणि ज्यांना पूर्वी कधीही खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे ते. शेवटच्या गटासाठी ‘फक्त तीन दिवस’ हीच जुन्या आजाराची पुनरावृत्ती ठरू शकते, त्यामुळे इथे अपवाद करू नये.

औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपवासाचा विचारही करू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर असताना उपवास केला तर साखरेचा आकडा फारसा न वाढताही केटोॲसिडोसिस (केटोन साठून रक्त आम्लधर्मी होणे) होऊ शकतो, म्हणून तो ओळखायला उशीर होतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि उपवास मिळून रक्तदाब फार खाली नेतात. लिथियम (मानसिक आजारावरचे औषध) घेणाऱ्यांच्या शरीरातले सोडियम घटले की लिथियमची पातळी विषारी होऊ शकते. गाउट (युरिक आम्लामुळे होणारी सांधेदुखी) असेल तर केटोनमुळे युरिक आम्ल बाहेर टाकण्यात अडथळा येतो आणि सांधा सुजतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर उपवासही नको आणि पालेभाज्यांचे ‘हिरवे रस’ही नकोत, पालक, बीट यांच्यातल्या ऑक्झलेटमुळे मूत्रपिंड निकामी झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

सवय सोडण्याचा भाग मात्र यांतल्या सगळ्यांसाठी खुला आहे. दोन गोष्टी अचानक बंद करायच्या नाहीत: रोजची भरपूर दारू आणि डॉक्टरांनी दीर्घकाळ दिलेल्या झोपेच्या, चिंतेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या. ‘शरीर रसायनमुक्त करायचे’ म्हणून गोळ्या फेकून देणारे लोक असतात. अल्प्राझोलॅमसारखी गोळी एकाएकी थांबवल्यास फिट येऊ शकते.

पायरी दुसरी: सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात काहीही सोडायचे नाही. खिशातल्या वहीत चार रकाने करा: वेळ, काय आणि किती, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, आणि त्यातून काय मिळाले. शेवटचे दोन रकाने कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक ते सोडून देतात आणि नोंद फुकट जाते. संध्याकाळी पाचची सिगारेट कामातून उठण्याचे निमित्त म्हणून ओढली जात असेल, तर तिच्या जागी ‘उठण्याचे दुसरे निमित्त’ हवे, नुसती च्युइंगगम पुरणार नाही. रात्री अकराचे खाणे खरी भूक म्हणून होत असेल तर दिवसाचे जेवण अपुरे आहे. तिथे मनोनिग्रह शिकवत बसण्यापेक्षा दुपारचे ताट वाढवावे.

आठवड्याच्या शेवटी एकच सवय निवडा. धूम्रपान किंवा तंबाखू असेल तर तीच आधी, कारण ती सोडण्याइतका लाभ दुसरी कुठलीच सोडून मिळत नाही. मग एक ‘जर–तर’ वाक्य लिहा, नेमकी जागा आणि वेळ घालून: ‘जेवण झाल्यावर तलफ आली, तर ताट धुऊन दहा मिनिटे बाहेर चालून येईन.’ ‘मी कमी करीन’ हे वाक्य उपयोगाचे नाही, कारण ते कधी आणि काय करायचे हे सांगत नाही.

एकवीस दिवसांत सवय बदलते, हे विसरून जा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता, मध्यक (अगदी मधला आकडा) ६६ दिवस. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने प्रगतीवर फारसा परिणाम झाला नाही, असेही दिसले. बावीसाव्या दिवशी अजून तलफ येते म्हणून ‘आपल्याला जमणारच नाही’ असे ठरवणाऱ्यांना हे आकडे माहीत असायला हवेत.

पायरी तिसरी: प्रत्येक सवयीची आपली पद्धत

*तंबाखू.* पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण थांबा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवरच्या ब्रिटिश चाचणीत चार आठवड्यांनी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के सिगारेटपासून दूर होते. दोन्ही गटांना निकोटिनची औषधे आणि सल्ला मिळत होता. ‘एकदम’ म्हणजे औषधाशिवाय, असा त्याचा अर्थ घेऊ नका.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेट असतील तर सामान्यतः २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करतात: सहा आठवडे, मग १४ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ७ मिलिग्रॅम दोन आठवडे. पट्टी कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावा, जागा रोज बदला. विचित्र स्वप्ने पडू लागली तर झोपताना काढा. पट्टी सावकाश निकोटिन देते, त्यामुळे अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी सोबत गम लागतो. जाग आल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट ओढणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा, इतरांना २ मिलिग्रॅमचा. तो साध्या च्युइंगगमसारखा चावत राहिलात तर निकोटिन पोटात जाते, उचकी आणि मळमळ होते, तलफ मात्र तशीच राहते. तिखटसर झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीमध्ये ठेवून द्या; झिणझिण्या विरल्या की पुन्हा चावा. अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे कॉफी, फळांचा रस किंवा सोडा पिऊ नका, आम्लामुळे निकोटिन तोंडातून शोषले जात नाही. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही औषधे त्यांच्याच चिठ्ठीवर मिळतात.

अपयशाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पट्टी-गम अपुरे वापरणे आणि दुसऱ्याच आठवड्यात बंद करणे. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. बद्धकोष्ठही होते, हे पुष्कळांना कुणी आधी सांगत नाही, मग ते जुलाबाच्या चूर्णांकडे वळतात. एक-एक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतलेले हवे.

सिगारेट सोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. धुरातली डांबरातली रसायने यकृतातल्या सीवायपी१ए२ या एन्झाइमला वेग देतात आणि कॅफिन त्याच एन्झाइमने मोडते. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि पूर्वीइतकीच कॉफी प्यायली तरी रक्तातले कॅफिन जवळपास दुप्पट राहते. छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस समजतो की निकोटिनवाचून जीव जातो आहे. सोडण्याच्या दिवसापासून कॉफी-चहा निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. क्लोझापीन, ओलान्झापीन (मानसिक आजारावरची) किंवा थिओफिलीन (दम्यावरचे) घेणाऱ्यांची औषधेही याच कारणाने रक्तात वाढतात. सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवा.

आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वजन उतरवायला जाऊ नका. सोडल्यानंतरच्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात हे खरे, पण भुकेल्या पोटी तलफ अनावर होते. वजन नंतरही उतरवता येते.

*दारू.* इथे आधी एक प्रश्न: सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो आणि एक घोट घेतला की थांबते, असे होते का? किंवा पूर्वी दारू थांबवल्यावर कधी फिट आली आहे, भास झाले आहेत? उत्तर हो असेल तर घरी, स्वतःच्या बळावर थांबवू नका, आणि उपवासाबरोबर तर कदापि नाही. थरथर शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा तासांनी सुरू होते, फिट पहिल्या ४८ तासांत येऊ शकते, आणि भ्रम, तापासह होणारी गंभीर अवस्था ४८ ते ७२ तासांच्या सुमारास येते. उपचार न केल्यास त्यात मृत्यूही ओढवतो. रुग्णालयात ठरावीक दिवस बेंझोडायझेपिन गटातली शामक औषधे देऊन हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो. सोबत थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात. ते कमी असताना मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

एवढे अवलंबित्व नसेल तर घरातला साठा आधी संपवा असे नव्हे, तर देऊन टाका किंवा ओतून द्या. पिण्याचे ठरलेले दिवस बदलण्यापेक्षा ती वेळ बदला: त्या तासाला घराबाहेर असणे, कुणाला भेटणे, आधी पोटभर जेवणे. यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हाताळते. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, घाम, कशानेही हा वेग वाढत नाही. उपाशीपोटी दारू हा दुहेरी धोका आहे: ग्लायकोजेन संपलेले असते आणि मद्यार्क यकृताला नवी साखर बनवू देत नाही. उपवास दारूने सोडणारा माणूस बेशुद्ध पडला तर बघणाऱ्याला तो झिंगलेला वाटतो आणि मदत मिळत नाही.

*कॅफिन.* बहुतेकांना ते पूर्ण सोडण्याची गरज नसते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, गरोदरपणात २०० पर्यंत, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. एका कप कॉफीत साधारण ९० ते १०० आणि चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास कॅफिन असते. ते निम्मे उतरायला पाचेक तास लागतात, म्हणून पहिल्यांदा संध्याकाळचा कप काढा, सकाळचा सर्वांत शेवटी. दर तीन-चार दिवसांनी एकूण प्रमाणाचा चौथा हिस्सा कमी करा; कप तोच ठेवून निम्मी पूड कॅफिनरहित घातली तरी चालते. डोकेदुखीवर घेतलेल्या गोळीच्या वेष्टनावर ‘कॅफिन’ लिहिले आहे का ते बघा, नाहीतर सोडलेले मागच्या दाराने परत येते.

*साखर.* पेयांपासून सुरुवात करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त साखर (मुख्यतः वरून घातलेली) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, शक्य तर ५ टक्क्यांखाली. २,००० कॅलरींच्या आहारात ती अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम असते. मध आणि फळांचा रसही याच हिशेबात धरतात, सबंध फळ धरत नाहीत. रसाच्या डिटॉक्समधली गफलत इथे दिसते: फळांच्या रसाच्या २५० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे दिवसाला १०० ग्रॅमच्या पुढे मुक्त साखर, तंतू जवळपास नाहीत, आणि ६० किलोच्या माणसाला लागणाऱ्या सुमारे ५० ग्रॅम प्रथिनांच्या जागी फार तर दहा-पंधरा. ज्या सवयीपासून सुटायचे तीच बाटलीत भरून घेण्यासारखे आहे हे. चहा-कॉफीतली साखर आठवड्याला अर्धा चमचा या वेगाने कमी केली तर तीन-चार आठवड्यांत जिभेला आधीची गोडी जास्त वाटू लागते.

पायरी चौथी: उपवास करायचाच असेल तर

एक सवय सुटून किमान सहा आठवडे (तंबाखू असेल तर तीन महिने) गेले असतील आणि पहिल्या पायरीतली कुठलीही अडचण नसेल, तर लहान उपवासाने निरोगी माणसाचे नुकसान होत नाही. काहींना त्यामुळे उगीच तोंडात टाकण्याच्या सवयीकडे डोळसपणे पाहता येते, आणि आमच्या दृष्टीने हाच त्याचा खरा उपयोग. वजनासाठी करत असाल तर २०२२ साली चीनमधल्या १३९ स्थूल व्यक्तींवरची वर्षभराची चाचणी लक्षात घ्या: खाण्याची वेळ आठ तासांत बांधून कॅलरी कमी करणारे आणि वेळेचे बंधन न पाळता तेवढ्याच कॅलरी कमी करणारे, यांच्या घटलेल्या वजनात लक्षणीय फरक निघाला नाही.

सुरुवात रात्रीच्या बारा तासांनी करा: रात्री आठला जेवण, सकाळी आठला न्याहारी, मध्ये फक्त पाणी. दोन आठवडे हे विनासायास जमले तर चौदा तास. बऱ्याच जणांनी इथेच थांबावे. त्यापुढे एखाद्या वेळी २४ तासांचा, एका रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या रात्रीच्या जेवणापर्यंतचा उपवास करता येतो. त्याहून लांबचा उपवास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका.

चोवीस तासांच्या उपवासाची तयारी अशी. आदल्या रात्री नेहमीचे जेवण, ज्यात धान्य, डाळी किंवा इतर प्रथिने आणि भाज्या तिन्ही असतील. ‘उद्या उपवास’ म्हणून दुप्पट खाल्ले की झोप बिघडते आणि सकाळी भूक उलट लवकर लागते. दिवसभरात दीड ते अडीच लिटर पाणी, तहानेप्रमाणे, थोडे थोडे. तासाला एक लिटरपेक्षा जास्त कधीही नाही, कारण मूत्रपिंडे साधारण तेवढेच पाणी बाहेर टाकू शकतात. त्यापुढे रक्तातले सोडियम पातळ होते आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा येतो. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांपैकी काही आजार नसेल तर पाव चमचा मीठ पाण्यातून दोन वेळा घ्या, अंधारी येणे बरेच टळते. कॉफी-चहा बिनसाखरेचा, रोजच्या वेळी, रोजच्या प्रमाणात. त्या दिवशी जोराचा व्यायाम, गरम वाफेची अंघोळ, लांबचे वाहन चालवणे नको. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका.

भुकेच्या लाटा नेहमीच्या जेवणाच्या वेळी येतात आणि वीस-तीस मिनिटांत ओसरतात. त्या सहन कराव्यात. थरथर आणि घाम आला तर मात्र सहन करायचे नाही: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटे बसा, बरे वाटले की जेवा. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बोलण्यात असंबद्धपणा, न थांबणाऱ्या उलट्या, आठ-दहा तास लघवी न होणे, यांतले काहीही झाले तर रुग्णालयात जा, आणि किती वेळ उपाशी आहात व कोणती औषधे घेता हे तिथे पहिल्यांदा सांगा.

कशाला हात लावू नये

जुलाबाच्या गोळ्या आणि सोनामुखीचे चहा: अन्नातली ऊर्जा लहान आतड्यातच शोषली गेलेली असते आणि ही औषधे मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात. जाते ते पाणी आणि पोटॅशियम. आठवडेच्या आठवडे घेतल्यावर बंद केली की उलट बद्धकोष्ठ वाढते.

ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्टचे (जुलाब करणारे मॅग्नेशियमचे क्षार) ‘यकृत-शोधन’: दुसऱ्या दिवशी शौचात दिसणारे मऊ, हिरवट खडे हे पित्तखडे नसतात. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने अशा खड्यांची तपासणी छापली, ते तेल आणि लिंबापासून पोटातच तयार झालेले साबणासारखे गोळे होते. ज्याला खरेच पित्तखडे आहेत त्याच्या पित्ताशयाला एवढे तेल एकदम पाजले तर खडा नळीत अडकण्याचा धोका असतो.

पायाला लावायच्या ‘डिटॉक्स’ पट्ट्या घामाच्या ओलाव्याने काळ्या पडतात, आणि पाय बुडवायच्या यंत्रातले पाणी लोखंडी इलेक्ट्रोड गंजल्याने तपकिरी होते. पाय न घालता यंत्र चालू करा, रंग तसाच येतो. कोळशाच्या कॅप्सूल गर्भनिरोधक गोळीसकट इतर औषधेही शोषून घेतात.

उपवास सोडताना

चोवीस तासांनंतर नेहमीच्या निम्मे जेवण पुरे: मऊ भात किंवा तत्सम धान्य, शिजवलेली भाजी, थोडी प्रथिने. सावकाश खा. तासाभराने भूक असेल तर पुन्हा. भरपूर तेलकट किंवा गोड पहिल्यांदा खाल्ले की पोटात कळ येते आणि जुलाब होतात.

कुणी पाच दिवसांपेक्षा जास्त जवळपास उपाशी राहिले असेल तर मात्र घरी ताट वाढू नका. एवढ्या उपवासानंतर पिष्टमय पदार्थ एकदम पोटात गेले की इन्सुलिन उसळते आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये खेचले जाते. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपासमारग्रस्त कैद्यांमध्ये असे मृत्यू झाले होते. अशा व्यक्तीची रक्ततपासणी आधी, थायामिन आधी, आणि अन्न डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने.

एका दिवसाच्या उपवासानंतर वजन करायचे असेल तर ते चार दिवसांनी, सकाळी, शौचानंतर करा. दुसऱ्याच दिवशी काट्यावर पाऊण-एक किलो वाढलेले दिसेल. ते परत आलेले पाणी आणि मीठ आहे. त्या आकड्याला घाबरून लगेच दुसरा उपवास धरू नका. पुढचा किमान आठवड्याने, आणि मधल्या दिवसांत वहीतल्या सवयीचे काय झाले याची नोंद चालू ठेवा.